दरड कोसळली, रस्ता तुटला: तालुक्याचे आपत्कालीन वैद्यकीय पथक कसे उभे करावे

कोकणातल्या आपत्तीत पहिले चोवीस तास तालुका एकटा असतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली तेव्हा खाली महाड शहर पाण्यात होते आणि वरचे रस्ते तुटलेले होते. मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीरस्ताच नव्हता, आणि ढग इतके खाली उतरलेले की हेलिकॉप्टरचाही उपयोग झाला नाही. जे काही झाले ते पायी चढून गेलेल्या माणसांनी हाताने केले.

म्हणून अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस अशा जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोठे, सुसज्ज पथक ठेवून जिल्हा सांभाळता येईल, हा हिशेब इथे चुकतो. रत्नागिरीहून मंडणगड दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत नद्या, खाड्या, घाट. लहान, चालू शकणारी, तालुक्यातच राहणारी पथके आधी हवीत. जिल्ह्याचे मोठे पथक त्यांच्या मागून येणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सर्वांत लहान फिरत्या पथकानेही दिवसाला किमान 50 बाह्यरुग्ण तपासावेत आणि दोन आठवडे स्वतःच्या बळावर टिकावे, अशी अपेक्षा असते. तालुक्याने त्या मापामागे धावू नये, ते जिल्ह्याचे काम. तालुका पथकाचे माप वेगळे: 36 तास, दोन्ही हात मोकळे, सगळे सामान पाठीवर.

नकाशा फाडून सुरुवात

तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आणि उपकेंद्रांचा नकाशा असतोच. त्यावर तीन गोष्टी पेन्सिलने काढा. पाण्याखाली जाणारा प्रत्येक पूल, मोरी आणि साकव. दरड येणारे घाटातले टप्पे (परशुराम, कशेडी, कुंभार्ली, वरंध अशी नावे सांगायला नकोत, पण गावात जाणारे छोटे घाट कुणी लिहीत नाही, ते लिहा). आणि जिल्हा आपत्ती आराखड्यातली दरडप्रवण गावे. आता प्रत्येक खुणेवर रस्ता तुटला असे धरा. नकाशाचे जे तुकडे उरतात, ते तुमचे खरे कार्यक्षेत्र. बहुतेक तालुक्यांत तीन ते पाच तुकडे निघतात.

प्रत्येक तुकड्यासाठी चार प्रश्न: रात्री डॉक्टर कुठे झोपतो, ऑक्सिजन कुठे आहे, 108 ची गाडी कोणत्या बाजूला उभी असते, आणि पाणी न चढणारी पक्की इमारत कोणती. डॉक्टरची नेमणूक कुठे आहे हे विचारू नका, मुक्काम कुठे आहे ते विचारा. नदीपलीकडच्या केंद्रात नेमलेला डॉक्टर शहरात खोली घेऊन राहत असेल, तर पुराच्या रात्री ते केंद्र रिकामे आहे असेच समजायचे.

मग भरतीचे कोष्टक घ्या. महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण ही गावे खाडीच्या टोकाशी आहेत. डोंगरात धो धो पाऊस आणि त्याच वेळी उधाणाची भरती असली की नदीचे पाणी समुद्राकडे जायचे थांबते आणि गावात पसरते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अंदाजाला हे ठीक, पण पथकाच्या फळ्यावर बंदराचे छापील कोष्टकच लावा आणि जून ते सप्टेंबरमधल्या उधाणाच्या तारखांना लाल गोल करा. शेजारी नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी लिहा: महाडला सावित्रीची धोका पातळी 6.50 मीटर, खेडला जगबुडीची इशारा 5 आणि धोका 7 मीटर. कोष्टक आणि पातळी एकत्र वाचायची सवय लागली की पाणी येण्याआधी तीन-चार तास हातात मिळतात.

होड्यांचा एक घोटाळा दरवर्षी होतो. आराखड्यात मच्छीमार बोटींची लांबलचक यादी असते, पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. यादीतली एकही बोट पाण्यात नसते. खाडीतल्या लहान होड्या, वाळूवाल्यांच्या होड्या आणि दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड या मार्गांवरच्या फेरीबोटी यांच्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा. होडीवाला ठरवताना त्याला पोहता येते का यापेक्षा तो रात्री, पुराच्या पाण्यात होडी काढतो का, ते विचारा.

माणसे

एका पथकात आठ जण पुरेत: पथकप्रमुख वैद्यकीय अधिकारी, दुसरा डॉक्टर, एक सिस्टर आणि एक ब्रदर, औषधांचा साठा आणि नोंदी सांभाळणारा फार्मासिस्ट, त्या भागातला आरोग्यसेवक, चालक, आणि फक्त निरोपांसाठी एक माणूस. तालुक्यात अशी किमान दोन पथके, नदीच्या दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक जागेसाठी तीन नावे लिहा, कारण पुरात कर्मचाऱ्याचे स्वतःचे घरही पाण्यात असते. ज्याची आई तळमजल्यावर अडकली आहे त्याला ड्युटीवर बोलावणे माणुसकीला धरून नाही आणि कामाचेही नाही.

बंधपत्रित (ठरावीक काळ सरकारी सेवा करायला बांधलेले) डॉक्टर वर्षभरात बदलतात. बरेचसे घाटावरून किंवा मराठवाड्यातून आलेले. त्यांना वाड्यांच्या पायवाटा ठाऊक नसतात. त्यामुळे वाटाड्याची जागा आशाताई आणि आरोग्यसेवकांचीच. वाडीत किती घरे, कुणाकडे गरोदर बाई, कोण अंथरुणाला खिळलेले, कोण मुंबईला गेलेले, हे त्यांना तोंडपाठ असते. ढिगाऱ्याखाली किती माणसे असतील, याचा पहिला विश्वसनीय आकडा त्यांच्याकडूनच येतो.

निवडताना प्रकृती तपासा, निदान रक्तदाब, साखर, ईसीजी. इर्शाळवाडीच्या चढणीवर मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. पंचेचाळिशीपुढच्या अनुभवी डॉक्टरला पायथ्याच्या ठिकाणी ठेवा. तिथे त्याचा अनुभव जास्त कामी येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचा कागद: निघण्याचा अधिकार. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. मे महिन्यात त्यांच्या सहीचा कायम आदेश घेऊन ठेवा: पोलीस पाटील, सरपंच किंवा तलाठ्याचा निरोप आल्यास तालुका आरोग्य अधिकारी, ते संपर्कात नसल्यास हजर असलेला ज्येष्ठ वैद्यकीय अधिकारी, पथक पाठवू शकतो; कागदपत्रे नंतर. हा आदेश नसेल तर फोन लागत नसलेल्या रात्री सगळी यंत्रणा वरच्या परवानगीची वाट बघत बसते.

सामान: पाठीवर, ड्रममध्ये, गाडीत

खोक्यात सामान ठेवू नका. कोकणच्या हवेत पुठ्ठा जुलैपर्यंत लगदा होतो. कडीची झाकणे असलेले निळे प्लास्टिकचे ड्रम, साधारण 60 लिटरचे, स्वस्त मिळतात. ते पाण्यात तरंगतात आणि दोघांना बांबूवर टांगून नेता येतात. आतल्या बाजूला यादी चिकटवा. टॉर्च आणि लॅरिंगोस्कोपमधले सेल काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. आत राहिले तर दमटपणाने स्प्रिंग गंजते आणि नेमक्या वेळी दिवा लागत नाही.

पाठीवरची पिशवी 12 किलोच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक पथकाला अशा दोन, दोन्ही एकसारख्या, म्हणजे एक हरवली तरी काम थांबत नाही. प्रत्येकीत:

- रक्तस्राव थांबवणारे टुर्निके 4, दाबपट्ट्या 10, गॉज, मोठी कात्री
- तोंडात घालायच्या एअरवे सर्व मापांत, मोठ्यांची आणि मुलांची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची), हाताने चालणारे सक्शन
- मानेचे पट्टे 2, वाकवता येणारे स्प्लिंट 4
- 16 ते 24 नंबरचे कॅन्युला, आयव्ही सेट 10, नॉर्मल सलाइन 500 मिलीच्या 6 बाटल्या
- रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झामिक ॲसिड 1 ग्रॅमचे 6 डोस, ॲड्रेनलिन, कॅल्शियम ग्लुकोनेट, वेदनाशामक
- पल्स ऑक्सिमीटर, बीपीचे घड्याळी यंत्र, ग्लुकोमीटर
- चंदेरी उष्णतारोधक चादरी 6, ताडपत्री 1

ट्रानेक्झामिक ॲसिड पिशवीतच का? ते जखमेनंतर तीन तासांच्या आत, 1 ग्रॅम दहा मिनिटांत द्यायचे असते. नंतर दिल्यास फायदा राहत नाही, उलट अपाय होऊ शकतो. ड्रम पायथ्यापासून वर येईपर्यंत तीन तास सहज सरतात. भूल आणि वेदनेसाठी केटामाइन उपयोगी आहे, पण ते कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, परिशिष्ट एक्समध्ये, येते: कुलूपबंद पेटी, स्वतंत्र नोंदवही, आणि किल्ली एका नावावर. ही किल्ली कपाटात ठेवून माणूस रजेवर गेला की औषध असूनही नाही.

चादरी आणि ताडपत्रीला कमी लेखू नका. भर पावसात तासभर चिखलात पडलेला माणूस ऐन जुलैत गारठतो, आणि गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. ओले कपडे कापून काढा, अंग पुसा, चादर गुंडाळा, वरून ताडपत्री. शेजाऱ्यांनी आणलेली ओली गोधडी उपयोगाची नाही. ऑक्सिमीटरचेही तेच. गार पडलेल्या ओल्या बोटावर तो काहीही आकडा दाखवतो. बोट पुसून, चोळून गरम करा किंवा कानाची पाळी वापरा.

सलाइनचे वजन विसरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो. ढिगाऱ्यातून काढलेल्या एका माणसाला पहिल्या सहा तासांत 3 ते 6 लिटर लागू शकते. दहा माणसे धरली तर 60 किलो. म्हणून सलाइनचे दोन ड्रम वेगळे ठेवा आणि ते वाहायला गावातली तरुण मंडळी आधीच सांगून ठेवा.

ऑक्सिजनचा हिशेब सोपा आहे: बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर, मिनिटाला 10 लिटरने अडीच तास. डोंगरावर तो नेण्यात अर्थ नाही. पायथ्याला कॉन्सन्ट्रेटर आणि जनरेटर लावा, आणि पेट्रोल कॅनमध्ये भरून ठेवा. पुराच्या दिवशी पंप बंद असतो.

प्रत्येकाने स्वतःचे 48 तासांचे खाणे-पिणे बरोबर घ्यायचे. वाडीतल्या ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घराकडून चहाची अपेक्षा ठेवणारे पथक नको. पायात गमबूट चिखलात बरे, पण चढणीवर आत पाणी भरते आणि पाय उचलत नाही. खाली खाचा असलेले हलके बूट घाला.

निरोप

निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतचे मोबाइल टॉवर आणि वीज गेली ती कित्येक दिवस. मोबाइलवर उभी केलेली यंत्रणा नेमकी अशा वेळी पडते. व्हीएचएफ वॉकीटॉकी पोलीस आणि महसूलकडे असतात. त्यातला एक सेट पथकाला मिळेल, असे लेखी ठरवा. सॅटेलाइट फोन जिल्ह्याकडे असतो, तो चालवायला दोन माणसांना शिकवा. उघड्यावर, आभाळ दिसेल अशाच जागी तो लागतो, हे अनेकांना आयत्या वेळी कळते. यातले काहीच चालले नाही तर मोटरसायकलवरचा माणूस आणि चिठ्ठी.

पहिल्या निरोपात सहाच गोष्टी: नेमके कुठे, काय झाले, कोणत्या वाटेने पोचता येते, अंदाजे किती जखमी, अजून कोणता धोका आहे, आणि कोण पोचले आहे. तो 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि 108 ला, दोन्हीकडे द्या. एकाला दिलेला निरोप दुसऱ्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

घटनास्थळी

पथकप्रमुखाने पोचल्यावर पहिली दहा मिनिटे एकाही रुग्णाला हात लावायचा नाही. वरचा उतार बघा: नव्या भेगा, गढूळ झालेला झरा, तिरकी झालेली झाडे दिसली तर दुसरी दरड येऊ शकते. एक माणूस शिट्टी घेऊन फक्त डोंगराकडे बघत उभा राहील. जखमींना गोळा करायची जागा ओढ्याच्या पात्राबाहेर, बाजूच्या धारेवर.

जखमींच्या वर्गवारीची पद्धत साधी ठेवा, प्रत्येक माणसाला 30 सेकंद. लाल म्हणजे आधी, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे आशा नसलेला. जो चालू शकतो तो हिरवा. उरलेल्यांत श्वास बघा: वायुमार्ग उघडूनही श्वास नाही, तर काळा, मिनिटाला 30 पेक्षा जास्त, तर लाल. मनगटाची नाडी लागत नाही, तर लाल. साधी आज्ञा पाळत नाही, तर लाल. बाकी पिवळे. लहान मुलांत श्वास नसेल पण नाडी लागत असेल, तर काळा ठरवण्याआधी पाच श्वास द्या. छापील टॅग पावसात फुगतात, बॉलपेन पसरते. रंगीत साटीनच्या फिती आणि परमनंट मार्कर वापरा. मार्कर ओल्या कातडीवर उमटत नाही, आधी स्पिरिटने पुसा. दर अर्ध्या तासाने पुन्हा बघा, पिवळ्याचा लाल होतो.

हिरव्यांकडे दुर्लक्ष झाले की एक नेहमीचा गोंधळ होतो. ते मिनिडोर, जीप, मिळेल त्या गाडीने स्वतःच निघतात आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्वांत आधी पोचतात. मागून लाल रुग्ण येतो तेव्हा खाटा, टेबल, डॉक्टर सगळे खरचटलेल्यांत अडकलेले. हिरव्यांना शाळेत किंवा देवळात बसवा, एक सिस्टर द्या, नावे लिहा.

चिरडलेल्या माणसाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे घाई जिवावर बेतते. मांडी किंवा पाय काही तास दाबून राहिला की स्नायू मरतात, त्यातले पोटॅशियम तिथेच कोंडलेले असते. दगड उचलल्याबरोबर ते रक्तात येते आणि बोलणारा माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून आधी सलाइन, मग दगड. हात मोकळा असेल तर तिथेच कॅन्युला लावा. प्रौढाला नॉर्मल सलाइन तासाला 1 लिटर, मुलांना किलोमागे 15 ते 20 मिली, आणि दोन तासांनंतर वेग निम्मा. रिंगर लॅक्टेट देऊ नका, त्यात पोटॅशियम असते. सुटका होताच नाडी आणि शक्य असल्यास ईसीजी. टी लाटा उंच, टोकदार दिसल्या तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली सावकाश शिरेतून. लघवी चहासारखी काळपट दिसली तर डायलिसिसची गरज पडणार, असे धरून चालू मशीन असलेल्या रुग्णालयालाच कळवा. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये कोसळलेल्या पाच मजली इमारतीतून चार वर्षांचा मुलगा साधारण 19 तासांनी जिवंत निघाला. इतक्या उशिरा निघणाऱ्यांसाठीच ही तयारी असते. बचाव दलाच्या म्होरक्याशी हे आधीच बोललेले असावे, नाहीतर तो 'माणूस दिसला, ओढा' या घाईत असतो आणि डॉक्टर मागे ओरडत राहतो.

बुडालेल्याला उलटे टांगू नका, पोट दाबू नका. गावात अजून दोन्ही होते. श्वास नसेल तर आधी पाच श्वास, मग छातीदाब.

खाली नेताना एका स्ट्रेचरला सहा जण, आणि बदलीला आणखी सहा. आदिवासी वाड्यांत डोली बांधणारे लोक असतात. अरुंद पायवाटेवर शहरी स्ट्रेचरपेक्षा त्यांची डोली सरस, फक्त मणक्याला मार लागलेल्याला त्यात घालू नका. सगळे लाल रुग्ण एकाच रुग्णालयात पाठवू नका. कुणाला कुठे धाडले, याची वही पायथ्याच्या फार्मासिस्टकडे; नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर देणारी तीच एक वही असते.

रुग्णालयच बुडाले तर

जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या एका कोविड केंद्रात पाणी शिरले, वीज गेली आणि रुग्ण दगावले. प्रत्येक रुग्णालयाने 2005 आणि 2021 च्या पाण्याची रेघ भिंतीवर लाल रंगाने ओढावी. जनरेटर, ऑक्सिजनचे मॅनिफोल्ड, औषधसाठा आणि मुख्य स्विचबोर्ड त्या रेघेच्या किमान एक मीटर वर. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवायचा निर्णय नदी इशारा पातळीला पोचली की घ्यायचा. आवारात पाणी आल्यावर रुग्णवाहिका आत येतच नाही.

पाणी ओसरल्यावर

तिसऱ्या दिवसापासून काम बदलते. चिखलात उतरलेल्या प्रौढांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन 200 मिग्रॅ, आठवड्यातून एकदा, संपर्क चालू असेपर्यंत. पोटभर जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. आठ वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ते नाही, त्यांचा पर्याय डॉक्टर ठरवतील. पथकाने पहिला डोस स्वतः घ्यावा. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल, हे त्रिकूट पुढचे महिनाभर शोधत राहा.

पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असेल तर तीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, पण उघडे राहिलेले पोते दमट हवेत महिन्याभरात निकामी होते. हिशेबापेक्षा ओटी चाचणीवर (पाण्यातले क्लोरीन रंगावरून दाखवणारी) विश्वास ठेवा: अर्ध्या तासाने लिटरला 0.5 मिलिग्रॅम उरलेले क्लोरीन दिसले पाहिजे.

साप घरात शिरतात. प्रतिविषाच्या किमान 20 कुप्या, पावडर स्वरूपातल्या, म्हणजे फ्रिज बंद पडला तरी चालतात. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नवीन, कोरड्या काचेच्या नळीतच करा. प्लास्टिकच्या नळीत निष्कर्ष चुकतो. सह्याद्रीतल्या चापड्याच्या जातीच्या सापांवर आपले नेहमीचे (पॉलिव्हॅलंट) प्रतिविष लागू पडत नाही, तिथे आधार देणारे उपचारच. लाल विंचवासाठी प्राझोसिन हवेच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामानंतर ते कोकणात नवे राहिलेले नाही, तरी आपत्तीच्या यादीतून ते हमखास सुटते.

सराव आणि साठा

एप्रिलमध्ये टेबलावर नकाशा मांडून, मेच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्यक्ष, आणि जूनमध्ये पाऊस लागल्यावर एकदा रात्री. रात्रीच्या सरावात सगळ्यांचे मोबाइल काढून घ्या. निरोप आल्यापासून 30 मिनिटांत पथक निघाले पाहिजे. नाही निघाले तर कारण बहुधा एकच असते, साठ्याच्या खोलीची किल्ली. ती तीन प्रतींत करा. सगळी तयारी 15 मेपर्यंत संपवा, कारण वादळे पावसाची वाट बघत नाहीत. तौक्ते 2021 च्या मेच्या मध्यालाच येऊन गेले.

ऑक्टोबरमध्ये ड्रम उघडा. सहा महिन्यांत मुदत संपणारी औषधे बाह्यरुग्ण विभागात वापरायला द्या आणि त्यांच्या जागी नवी मागणी त्याच दिवशी नोंदवा; डिसेंबरपर्यंत ढकललेली मागणी मार्चअखेरच्या निधीच्या गर्दीत अडकते. ड्रम रिकामा करून उन्हात वाळवा, रबरी कड तपासा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा भरून ठेवा, कारण अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम डिसेंबरपर्यंत चालतो.